ठेका कुणाला मिळतो?



गेल्या गुरुवारी आपण टक्केवारी शिकलो. शंभरातले किती, हे पाटीवर काढून पाहिले. आज त्याच टक्केवारीवरून झालेल्या एका खटल्याची हकिगत सांगतो. खटला अमेरिकेतला आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. पण त्यातली गोष्ट आपल्याला कळण्यासारखी आहे, कारण ती ठेक्याची आहे.

रस्ता, पूल, शाळेची इमारत, पाण्याची टाकी ही कामे सरकार स्वतः पाटी-फावडे घेऊन करीत नाही. ठेका देते. टेंडर निघते, ज्याचा दर कमी त्याला काम मिळते. तो मोठा ठेकेदार थोडे काम स्वतः करतो आणि बाकीचे पोटठेकेदारांना वाटतो. पैसा मात्र सगळ्यांच्या करातून आलेला असतो. घरपट्टी श्रीमंत भरतो, गरीबही भरतो. मग ठेके जर नेहमी ठरावीक लोकांच्याच घरी जात असतील, तर बाकीचे विचारणारच. "आमच्या पैशाचे काम, अन् आम्हालाच नाही?" हा प्रश्न विचारणे सोपे आहे. पण अन्याय होतो आहे हे दाखवायचे कसे? मोजायचे कशाने? खटल्यात सगळा वाद याचाच होता.

आधी थोडे मागचे सांगतो.

अमेरिकेत काळ्या लोकांना कित्येक पिढ्या गुलाम म्हणून राबवले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. आपले जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले, ते अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना मोकळे केले त्यांनाच अर्पण केले आहे. आणि बघा, जोतीराव स्वतः ठेकेदारही होते. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर त्यांनी ठेकेदारी केली. सरकारी काम कसे मिळते आणि त्यात कोण कुठे हात मारतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

गुलामगिरी गेली, पण धंद्याची दारे लगेच उघडली नाहीत. काळ्या माणसाला गवंडीकाम, नळकाम, विजेचे काम शिकायला कारागिरांच्या संघात घेत नसत. बँक कर्ज देत नसे. बायकांचे तर काय सांगावे! १९७४ साली तिथे कर्जाचा नवा कायदा झाला. तोपर्यंत बाई कितीही हुशार असो, बँकेने 'नवऱ्याची सही आणा' म्हटले की तिचे काम अडले. बचतगटातल्या भगिनींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पुढे शहरांच्या कारभारात काळी माणसे निवडून येऊ लागली. अटलांटा नावाचे शहर आहे. तिथे तेव्हा निम्म्याहून अधिक वस्ती काळ्यांची होती. १९७३ साली मेनार्ड जॅक्सन तिथले पहिले काळे महापौर निवडून आले. त्यांनी पाहिले, की शहराच्या ठेक्यांतला शंभरात एक डॉलरसुद्धा काळ्यांच्या धंद्याला मिळत नाही. त्या वेळी शहरात विमानतळाचे फार मोठे काम निघायचे होते. जॅक्सन यांनी धरून ठेवले, की या कामात काळ्या ठेकेदारांनाही भागी मिळाली पाहिजे, नाही तर काम सुरू होणार नाही. मोठे व्यापारी पुष्कळ रागावले. पण शेवटी भागी द्यावी लागली, आणि १९८० साली विमानतळाची नवी इमारत उभीही राहिली. हे पाहून दुसऱ्या शहरांनीही असे नियम केले.

त्यातले एक शहर रिचमंड. आपला खटला इथला.

रिचमंड हे व्हर्जिनिया राज्यातले शहर. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाली होती, तेव्हा त्यांची राजधानी याच शहरात होती. त्याच शहराच्या नगरसभेत १९८३ साली नऊ सभासदांपैकी पाच काळे होते. काळ कसा बदलतो पाहा! या नगरसभेने नियम केला, की ज्या मोठ्या ठेकेदाराला शहराच्या बांधकामाचा ठेका मिळेल, त्याने त्यातले शेकडा ३० तरी काम अल्पसंख्य लोकांच्या धंद्यांना द्यावे. अल्पसंख्य म्हणजे काळे, स्पॅनिश बोलणारे, आशियातले, तिथले मूळ रहिवासी, आणखी एस्किमो आणि अल्यूट. ही शेवटची दोन नावे लक्षात ठेवा. त्यांचे काम पुढे आहे.

नगरसभेपुढे दोन आकडे होते. शहरात काळ्यांची वस्ती शेकडा ५०. आणि १९७८ ते १९८३ या पाच वर्षांत अल्पसंख्यांच्या धंद्यांना मिळालेले मुख्य ठेके शेकडा ०.६७. म्हणजे हजार डॉलरांतले सात डॉलरही नाहीत. आता याहून अधिक पुरावा काय पाहिजे, असे कुणालाही वाटेल.

मग एक काम निघाले. अगदी साधे काम. शहराच्या तुरुंगात मुताऱ्यांची आणि संडासांची पोलादी भांडी बसवायची होती. क्रोसन कंपनी नावाच्या गोऱ्या ठेकेदाराने दर भरला. दुसऱ्या कुणीच भरला नाही. आता नियमाप्रमाणे शेकडा ३० भाग अल्पसंख्य धंद्याला द्यायचा, तर भांडीच त्याच्याकडून घ्यायला हवीत, कारण कामाचा बहुतेक पैसा भांड्यांचाच होता. एका काळ्या व्यापाऱ्याकडे विचारणा झाली. त्याचा दर उशिरा आला आणि जास्त आला. तो घेतला तर काम सात हजार डॉलरांहून अधिक महाग पडत होते. क्रोसन म्हणाला, "या कामापुरता मला नियम माफ करा." शहर म्हणाले, "माफ नाही. पुन्हा टेंडर काढू." क्रोसन कोर्टात गेला.

संडासाच्या भांड्यांवरून निघालेला हा तंटा सुप्रीम कोर्टात पोचला. १९८९ च्या जानेवारीत निकाल लागला. नऊपैकी सहा न्यायाधीश शहराच्या विरुद्ध, तीन शहराच्या बाजूने. शहर हरले.

का हरले? मुख्य निकाल सँड्रा डे ओकॉनर या न्यायाधीश बाईंनी लिहिला. त्यांचे म्हणणे मी गावातल्या गोष्टीने सांगतो.

समजा, एका गावात शंभर घरे आहेत. त्यांतली पन्नास घरे खालच्या वाडीत. गावात गवंडी दहा आहेत. त्यांतले दोन वाडीतले. आता शाळेच्या खोल्यांचे काम निघाले. वाडीतले लोक म्हणाले, "आम्ही गावात निम्मे आहोत, आम्हाला निम्मे काम द्या." हे बरोबर होईल का? शेतकरी, शिंपी, दुकानदार, म्हातारे, पोरे हे काही भिंत बांधत नाहीत. भिंत गवंडी बांधतो. म्हणून मोजायचे तर गवंडी मोजा. दहांत दोन, म्हणजे शेकडा २०. त्या २० शी ताडून पाहा, मिळाले किती.

कोर्टाने हेच सांगितले. शहरात काळे शेकडा ५० आहेत, हा आकडा इथे कामाचा नाही. हे काम करण्याची लायकी असलेले, तयार असलेले धंदे शेकडा किती आहेत, तो आकडा आणा. रिचमंडने तो काढलाच नव्हता. दुसरे, शेकडा ३० हा आकडा आला कुठून? ५० नाही, ०.६७ नाही, मग ३० च का? त्याला उत्तर नव्हते. तिसरे, त्या एस्किमो आणि अल्यूट लोकांची गोष्ट. अल्यूट हे पार उत्तरेकडच्या अलास्काच्या बेटांवरचे लोक. रिचमंडमध्ये त्यांच्यावर कुणी कधी अन्याय केला? कदाचित त्यांच्यातला एकही माणूस तिथे कधी राहिला नसेल! कुठून तरी तयार यादी उचलून नियमाला चिकटवली, असे त्यावरून दिसले. आणि चौथे, लहान ठेकेदारांना पुढे आणण्याचे जे साधे उपाय असतात, म्हणजे अर्ज सोपा करणे, जामिनाची अट हलकी करणे, शिक्षण देणे, ते आधी करून पाहिले नव्हते.

पण कोर्टाने दार अगदी बंद केले नाही, हे नीट ऐका. कोर्ट म्हणाले, लायक आणि तयार असे पुष्कळ धंदे आहेत, तरी त्यांना काम फार थोडे मिळते, असा मोठा फरक मोजून दाखवा. मग भेदभाव होतो असे धरता येईल. आणि खासगी ठेकेदार भेदभाव करीत असतील, शहर त्यांनाच आपला पैसा देत असेल, तर शहर त्या अन्यायात मुका भागीदार होते. ते थांबवण्याचा शहराला अधिकार आहे.

विरुद्ध मत देणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते. ते त्या कोर्टाचे पहिले काळे न्यायाधीश. त्यांचे म्हणणे, की रिचमंडला आपला इतिहास ठाऊक आहे आणि पुरावा पुरेसा आहे. तिथल्या ठेकेदारांच्या संघांत काळे सभासद जवळजवळ नव्हतेच.

आता आपल्या वाडीकडे पुन्हा या. दहांत दोनच गवंडी वाडीतले. पण दोनच का? वाडीतल्या पोरांना कुणी हाताखाली घेतलेच नाही, थापी हातात दिलीच नाही, म्हणून तर दोन राहिले! मग 'तयार किती आहेत' एवढेच मोजले, तर जुना अन्याय मोजमापातून गळून जातो. ज्याला शिकूच दिले नाही, त्याला 'तू तयार नाहीस' म्हणायचे. माझे मत विचाराल तर गवंडी मोजावेत हे कोर्टाचे म्हणणे खरे आहे, पण मार्शल यांचा प्रश्न त्याहून खोल आहे. त्याला नुसत्या टक्केवारीने उत्तर मिळत नाही.

या निकालानंतर अमेरिकेतली शहरे मोजायला बसली. जाणकार माणसे नेमून तपास करायचा, मोठा अहवाल काढायचा, अशी रीतच पडली. हा तपास कसा करतात ते सांगतो.

आधी चार-पाच वर्षांची सगळी बिले बाहेर काढतात. कुणाला किती पैसा दिला, याची यादी करतात. इथेच पहिली अडचण येते. शहराच्या दप्तरात मोठ्या ठेकेदाराचे नाव असते. त्याने पोटठेकेदाराला काय दिले, हे पुष्कळदा लिहिलेलेच नसते. लहान धंदे तर पोटठेक्यावरच जगतात. म्हणजे ज्याचा शोध घ्यायचा, त्याचीच नोंद नाही! मग ठेकेदारांना पत्रे पाठवा, हिशेब मागा, असे महिनोन्महिने चालते.

दुसरे, तयार धंदे मोजायचे. त्यासाठी धंदेवाल्यांना फोन करून विचारतात. तुम्ही हे काम करता का? शहराचे काम घ्यायला तयार आहात का? आजवर मोठ्यात मोठे काम केवढे केले? मालक बाई आहे की पुरुष, कुठल्या समाजाचा? ज्याने कधी पाच लाखांच्या वर काम केले नाही, त्याला पाच कोटींच्या पुलासाठी 'तयार' म्हणून मोजत नाहीत.

तिसरे, दोन आकडे समोरासमोर ठेवायचे. पाट्या काढा. समजा तयार धंद्यांत बायकांचे धंदे शेकडा २०. त्यांना मिळालेला पैसा शेकडा १०. आता १० ला २० ने भागा आणि १०० ने गुणा. उत्तर ५०. उत्तर १०० आले तर जेवढे तयार तेवढे मिळाले. ५० आले म्हणजे मिळायला हवे होते त्याच्या निम्मेच मिळाले. ८० च्या खाली उतरले, की फरक मोठा आहे असे तिथे सहसा धरतात.

पण लगेच 'अन्याय, अन्याय' असे ओरडायचे नाही. योगायोगही असतो. नाणे दोनदा उडवले आणि दोन्ही वेळा छापा पडला, तर आपल्याला काही वाटत नाही. वीस वेळा उडवले आणि वीसही वेळा छापा पडला, तर आपण नाणे हातात घेऊन उलटसुलट पाहू. कामे थोडी असली तर आकड्यावर भरवसा थोडा. कामे शेकड्यांनी असली आणि तरी तोच प्रकार दिसला, तर नाण्यात काही तरी आहे.

चौथे, माणसांचे ऐकायचे. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. फरक किती हे आकडा सांगतो. तो कसा पडला हे माणूसच सांगतो. असे ऐकताना ज्या गोष्टी बाहेर येतात, त्या ऐकून तुम्ही म्हणाल, हे तर आपल्याकडचेच! मोठा ठेकेदार लहान ठेकेदारीण बाईचा दर मागून घेतो. तोच दर आपल्या ओळखीच्या माणसाला दाखवतो आणि म्हणतो, "याच्याहून कमी कर." काम ओळखीच्याला. बाईचा नुसता कागद वापरला. दुसरा प्रकार, टेंडरात तिचे नाव लिहायचे, ठेका मिळाला की नाव गाळायचे. तिसरा, काम करून घ्यायचे आणि पैसे सहा महिने थकवायचे. मोठा धंदा सहा महिने कळ काढतो. लहान धंदा तेवढ्यात बसतो. आणि अनुभवाची अट तर सगळ्यांत कठीण. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. जामिनाचेही तेच. मोठ्या सरकारी कामाला तिथे जामीन लागतो, आणि ज्याच्या गाठी पैसा त्यालाच जामीन मिळतो.

लबाडी दुसऱ्या बाजूनेही होते, तेही सांगितले पाहिजे. बायकांच्या धंद्याला सवलत आहे म्हटल्यावर नवरा बायकोच्या नावाची पाटी लावतो. सही तिची, कारभार त्याचा. म्हणून तिथे तपासतात, की धंद्यात त्या बाईची मालकी शेकडा ५१ तरी आहे का, आणि खरा कारभार तीच पाहते का. दर ती ठरवते का? मजूर ती नेमते का? चेकवर सही करताना तिला हिशेब कळतो का? इथे बसलेल्या काही भगिनी हसताहेत. हसा, पण हिशेब शिका.

अशा तपासातून काय निघाले, याचा एक दाखला देतो. बोस्टन शहराने आपल्या २०१४ ते २०१९ या काळातल्या ठेक्यांचा तपास केला. अहवाल २०२१ साली बाहेर आला. सुमारे २१० कोटी डॉलरांचे ठेके तपासले. त्यांतला काळ्यांच्या आणि लॅटिन लोकांच्या धंद्यांना मिळालेला पैसा शेकडा १.२. शंभर डॉलरांत सव्वा डॉलरही पुरा नाही. आणि ही गोष्ट रिचमंडच्या खटल्यानंतर तीस वर्षांनी!

तपास झाला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. पुष्कळ ठिकाणी अहवाल छापला, कपाटात ठेवला, पाच वर्षांनी दुसरा मागवला. आकडे तेच. अहवाल लिहिणाऱ्यांचा धंदा तेवढा बरा चालला, असे कुणी म्हटले तर ते अगदी खोटे नाही. जिथे खरोखर फरक पडावा असे वाटते, तिथे साध्या गोष्टी कराव्या लागतात. मोठ्या ठेक्याचे लहान तुकडे करणे. टेंडराची बातमी वेळेवर सगळ्यांना पोचवणे. बिल महिन्याच्या आत देणे. पोटठेकेदाराला पैसे पोचले की नाही, हे शहराने स्वतः पाहणे. यात जात, रंग, बाई, पुरुष काही आले नाही. तरी लहान माणसाला सगळ्यांत जास्त उपयोग याचाच होतो.

वाद अजून मिटलेला नाही. २०२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंश पाहू नये असा निकाल दिला. त्यानंतर ठेक्यांच्या नियमांवरही नवे खटले आले. २०२५ साली तिथल्या केंद्र सरकारने रस्ते आणि वाहतुकीच्या कामांचा नियम बदलला. आधी काळ्या माणसाचा किंवा बाईचा धंदा असला, की तो अडचणीतला आहे असे धरून चालत. आता तसे धरायचे नाही. प्रत्येकाने आपली अडचण स्वतः दाखवायची. काही लोक म्हणतात, हाच खरा न्याय, कारण माणूस पाहावा, रंग पाहू नये. दुसरे म्हणतात, ज्याच्याविरुद्ध रंग पाहूनच दार लावले, त्याला आता 'रंगाचे नाव काढू नकोस' म्हणता! दोन्हीकडचे लोक प्रामाणिक असू शकतात. म्हणून तर पक्के मोजमाप लागते.

आपल्याकडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. आपल्या केंद्र सरकारचा २०१२ सालचा एक आदेश आहे. सरकारी खाती आणि सरकारी कंपन्या जो माल विकत घेतात, त्यातला ठराविक भाग लहान उद्योगांकडून घ्यावा, असा तो आदेश. २०१८ साली तो भाग शेकडा २५ केला. त्यातले शेकडा ४ अनुसूचित जाती-जमातींच्या मालकांकडून आणि शेकडा ३ बायकांच्या उद्योगांकडून, असे ठरवले. म्हणजे १०० रुपयांच्या खरेदीत ४ रुपये आणि ३ रुपये. तुमच्यापैकी ज्या भगिनी पापड, मसाला किंवा शिवणकाम करतात, त्यांनी आपल्या उद्योगाची सरकारात नोंदणी करून घ्यावी. नोंद नसेल तर या शेकडा ३ मध्ये तुमचे नाव येत नाही.

आता घरी जाण्यापूर्वी एक गणित लिहून घ्या. एका शहरात रस्त्याचे काम करायला तयार असे ४० ठेकेदार आहेत. त्यांतल्या १० बाया आहेत. वर्षात २०० लाख रुपयांची कामे निघाली. बायांना १५ लाखांची मिळाली. तयार शेकडा किती, मिळाले शेकडा किती, आणि दोहोंचा भागाकार करून शंभराने गुणले तर उत्तर काय? पुढच्या गुरुवारी पाट्या घेऊन या. ज्याचे उत्तर ८० च्या वर येईल, त्याने भागाकार पुन्हा तपासावा.